कंपनीची मानकं व्हेंडरला, म्हणजे माल पुरवणाऱ्याला, पीडीएफने द्यायची, तर नेमकं काय जपायचं?

प्रश्न चाकण भागातल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्याच्या क्वालिटी विभागाचा आहे. त्यांच्याकडे मटेरियल, वेल्डिंग, पेंट, पॅकिंग अशी स्वतःची दोनेकशे मानकं आहेत, शिवाय विकत घेतलेली, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेची आणि भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस). आजवर लाल शिक्क्याच्या ‘कंट्रोल्ड कॉपी’ काढून त्या स्वतःच्या दोन प्लांटना आणि व्हेंडरांना दिल्या जायच्या. आता कागद बंद करायचा आहे. त्यांनी विचारलंय की पीडीएफ करून मेलवर पाठवलं तर पुरेल का, फाइलला कुलूप लावावं का, विकतची मानकं व्हेंडरला पुढे देता येतात का, आणि जुन्या आवृत्त्या ठेवायच्या की पुसायच्या.

मी स्टँडर्ड्स सेलमध्ये, म्हणजे कारखान्याची मानकं सांभाळणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काम केलं आहे, कागदाच्या काळात आणि त्यानंतरही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. नुसतं मेलवर पाठवणं पुरणार नाही. फाइल पोचवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. दोन वर्षांनी कुणी ती फाइल उघडली, तर ‘हे आज लागू आहे का’ हे त्याला तिथल्या तिथे, कुणाला फोन न करता कळलं पाहिजे. खरी मेहनत तिथे आहे.

कागदाच्या पद्धतीत हे काम माणूस करायचा. नवी रिव्हिजन आली की सेलमधला माणूस नव्या प्रती घेऊन फिरायचा, प्रत्येक टेबलावरून जुनी प्रत परत घ्यायचा, रजिस्टरवर सही घ्यायचा आणि मगच नवी हातात द्यायचा. लाल शिक्क्याचा अर्थ एवढाच होता की ही प्रत आमच्या यादीत आहे आणि मानक बदललं की आम्ही ती तुमच्याकडून परत नेणार. मेलवर पाठवलेली पीडीएफ परत नेता येत नाही. ती व्हेंडरच्या मेलमध्ये राहते, त्याच्या पोराच्या फोनमध्ये राहते, सबव्हेंडरला फॉरवर्ड होते, आणि प्रत्येक ठिकाणी ती तितकीच कोरी करकरीत दिसते. जुना कागद निदान जुना दिसायचा.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर दुचाकी-तिचाकी वाहनांच्या बॅटरीसाठी असलेल्या एआयएस-१५६ या वाहन उद्योगाच्या मानकात झपाट्याने दुरुस्त्या आल्या. वाढीव अटी आधी १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू व्हायच्या होत्या. मग त्या दोन टप्प्यांत झाल्या, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. एआयएस मानकांचं सचिवालय आपल्या पुण्यात, टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतच आहे, आणि ही मानकं त्यांच्या संकेतस्थळावरून कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. म्हणजे वितरणात कसलीच अडचण नव्हती. तरीही त्या काळात बॅटरी पॅकचे सुटे भाग करणाऱ्या माणसाला मूळ मानक हातात असूनही पुरेसं नव्हतं. त्याला मूळ मानक, त्यावरच्या दुरुस्त्या, आणि आज बनणाऱ्या पॅकला कोणता टप्पा लागू आहे, अशा तीन गोष्टी एकत्र हव्या होत्या. यातली तिसरी गोष्ट मूळ मानकाच्या पीडीएफमध्ये असूच शकत नाही, कारण ती फाइल तयार झाली तेव्हा त्या तारखा ठरलेल्याच नव्हत्या.

मेख इथेच आहे. कुठल्याही फाइलला स्वतःचं मागचं माहीत असतं, पुढचं माहीत नसतं.

इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्या मंडळींनी हा प्रश्न फार लवकर ओळखला. त्यांच्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात, आणि पहिला आरएफसी एप्रिल १९६९ चा आहे. त्यांचा नियम असा की एकदा प्रसिद्ध झालेला आरएफसी पुन्हा कधीही बदलायचा नाही, चूक सापडली तर ती वेगळ्या यादीत नोंदवायची, आणि मजकूर बदलायचा असेल तर नव्या क्रमांकाचा नवा आरएफसी काढायचा. वेबपानं ज्या नियमांवर चालतात त्या एचटीटीपीचा आरएफसी २६१६ जून १९९९ चा. त्याच्या डोक्यावर ‘हा २०६८ च्या जागी आला आहे’ असं छापलेलं आहे. पण जून २०१४ मध्ये त्याच्याही जागी ७२३० ते ७२३५ असे सहा आरएफसी आले, आणि हे मूळ २६१६ च्या मजकुरात कुठेही नाही. ते कळतं यादीतून आणि त्या दस्तऐवजाच्या पानावरून, जिथे क्रमांकाशेजारी सद्यस्थिती लिहिलेली असते. २०२२ मध्ये पुन्हा नवा संच आला, तेव्हाही जुन्या फाइलींना कुणी हात लावला नाही. यादीतल्या नोंदी तेवढ्या बदलल्या. वेबची मानकं करणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने याच विचाराने प्रत्येक दस्तऐवजाच्या वर दोन पत्ते द्यायची पद्धत ठेवली आहे. एक पत्ता ‘ही आवृत्ती’, तो कायम याच मजकुराकडे जातो. दुसरा ‘सर्वात अलीकडची आवृत्ती’, तो नेहमी ताज्याकडे जातो. ही पद्धत तुम्ही जशीच्या तशी उचला. तिला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, शिस्त लागते.

तुमच्या कारखान्यासाठी याचा अर्थ असा. प्रत्येक मानकाला एक कायमचा पत्ता द्या, त्यात फक्त मानकाचा क्रमांक असू द्या, रिव्हिजन नको. त्या पत्त्यावर एक छोटं पान, आम्ही त्याला स्थितीपान म्हणायचो. त्यावर क्रमांक, नाव, चालू रिव्हिजन, ती कधी काढली आणि कधीपासून लागू, आधीची रिव्हिजन कधीपर्यंत चालेल, काय बदललं ते दोन-तीन ओळींत, आणि शंका आली तर विचारायचं कुणाला. ‘कधी काढली’ आणि ‘कधीपासून लागू’ या दोन तारखा वेगळ्या ठेवा, यावर मी फार भर देईन. नव्या रिव्हिजनची फाइल आज निघते, पण व्हेंडरकडे जुन्या पद्धतीने बनलेला माल पडलेला असतो, डाय बदलायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात दोन्ही रिव्हिजन एकाच वेळी वैध असतात. हे स्थितीपानावर स्वच्छ लिहिलं नाही, तर इनवर्ड इन्स्पेक्शनला, म्हणजे आलेल्या मालाच्या तपासणीत, माल अडतो आणि दोन्ही बाजू आपापली पीडीएफ पुढे करतात.

मग मानकाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी, फक्त मुखपृष्ठावर नव्हे, त्या स्थितीपानाचा पत्ता आणि क्यूआर कोड छापा. प्रत्येक पानावर यासाठी की शॉप फ्लोअरवर कुणी अख्खं मानक छापत नाही. ज्याला टॉर्कचा तक्ता हवा तो एकच पान छापतो आणि मशीनवर चिकटवतो. ते एकटं पानही आपण कुणाचे, कुठल्या रिव्हिजनचे आणि आपली स्थिती कुठे पाहायची हे सांगू शकलं पाहिजे. ज्या प्लांटमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत तिथे लाइनवर एक टॅबलेट ठेवा.

स्थितीपानाला लॉगिन लावू नका. मूळ मानक लॉगिनमागे असू द्या, त्यात तुमची गुपितं असतील. पण ‘रिव्हिजन ४ बंद झाली, ५ चालू आहे’ यात गुपित काही नाही. आयटी विभाग सगळंच पासवर्डमागे टाकायला बघेल. तिथे ठाम राहा. रात्रपाळीच्या सुपरवायझरला पासवर्ड आठवत नसेल तर तो स्थिती पाहणारच नाही, भिंतीवरच्या पानावर काम करेल, आणि तुमची सगळी यंत्रणा त्या एका क्षणी निरुपयोगी होईल.

मेल अर्थातच पाठवायची, पण ती वर्दी म्हणून. तिच्यात फाइल जोडू नका, पत्ता द्या. मेलमध्ये काय बदललं ते लिहा, लागू तारीख लिहा, आणि ‘वाचलं, आमच्याकडे अमुक बदल करावा लागेल’ असं उत्तर देण्याची जागा द्या. नुसतं ‘मेल उघडली’ ही पोच नव्हे. तुम्ही आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता-मानकाखाली असाल तर ग्राहकाकडून आलेल्या अभियांत्रिकी मानकांतल्या बदलाचा आढावा दहा कामाच्या दिवसांत पूर्ण व्हावा अशी त्यात अपेक्षा आहे. तुमच्या व्हेंडरकडून तुम्हीही तीच मुदत मागा. ऑडिटर हा पुरावा मागतोच, पण ऑडिट बाजूला ठेवा. दहा दिवसांत उत्तर न देणारा व्हेंडर बहुधा ते मानक वाचतच नाही, आणि हे तुम्हाला माल यायच्या आधी कळलेलं बरं. व्हॉट्सअ‍ॅपवर मानकाच्या पानाचे फोटो फिरतात हे मला ठाऊक आहे. ते थांबवण्यात शक्ती घालवू नका. तळाशी क्यूआर असेल तर फोटोतलं पानही स्वतःची ओळख देतं.

आता कुलपाचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे, अंतर्गत मानकांवर तांत्रिक कुलूप लावू नका. एकाच संगणकावर उघडणारी, छापू न देणारी, खास प्लग-इन मागणारी फाइल कागदावर सुरक्षित वाटते, पण प्रत्यक्षात ती लोकांना जुन्या, उघड्या प्रतींकडे ढकलते. एका कारखान्यात मी हे जवळून पाहिलं. नवं मानक कुलूपबंद आलं, इन्स्पेक्शनचा संगणक बदलला तेव्हा ते उघडेना, परवानगी पुन्हा मिळवायला आठवडा लागणार होता. काम थांबवता येत नव्हतं. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर आधीच्या आवृत्तीची साधी पीडीएफ होती, त्यावर तपासणी चालू राहिली. कुलूप लावणाऱ्याचा हेतू चांगला होता, आणि परिणाम असा की नेमकी रद्द झालेली आवृत्ती वापरात आली. शिवाय एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. दीर्घकाळ जपण्यासाठी पीडीएफचा जो प्रकार आहे, पीडीएफ/ए, ज्याचं पहिलं आयएसओ मानक २००५ मध्ये आलं, त्यात एन्क्रिप्शनला मनाईच आहे. वीस वर्षांनी उघडायची फाइल आणि कुलूपबंद फाइल या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

कुलपाऐवजी नाव छापा. व्हेंडर लॉगिन करून फाइल उतरवेल तेव्हा त्याच्या कंपनीचं नाव आणि तारीख प्रत्येक पानावर फिकट अक्षरांत आपोआप यावी. स्वतःचं नाव असलेली प्रत माणूस विचार करून पुढे देतो. आणि कुणी मजकुरात फेरफार केल्याची शंका असेल, उदाहरणार्थ वादात पुढे आलेल्या फाइलमध्ये टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, बदललेला दिसला, तर त्यासाठी डिजिटल सही आहे. मात्र आपल्याकडची सही अनेक संगणकांवर पिवळ्या प्रश्नचिन्हासह ‘पडताळणी झाली नाही’ असं दाखवते. कारण बहुधा एवढंच असतं की सही देणाऱ्या साखळीवर विश्वास ठेवायला त्या संगणकाला सांगितलेलं नसतं. व्हेंडरांना ते एकदा कसं करायचं याची एक पानी सूचना द्या, नाहीतर महिनाभर तेवढेच फोन येतील.

विकत घेतलेल्या मानकांना मात्र हे काही लागू नाही, तिथे परवान्याप्रमाणेच वागावं लागतं. आयएसओचं मानक तुम्ही एका वापरकर्त्यासाठी पीडीएफ म्हणून घेतलं असेल, तर ते सर्व्हरवर टाकणं किंवा व्हेंडरला मेल करणं हे परवान्याबाहेर आहे. हे बहुतेक कारखाने सर्रास करतात, आणि मी ते करू नका असंच सांगेन. यातला सोपा मार्ग असा की व्हेंडरला फाइल द्यायचीच नाही, क्रमांक आणि मिळण्याचं ठिकाण द्यायचं. भारतीय मानक ब्युरोने स्वतः तयार केलेली मानकं आता नोंदणी करून मोफत उतरवता येतात, त्यामुळे तुमच्या यादीतला मोठा भाग तिथेच सुटेल. आयएसओ किंवा आयईसी (विद्युत क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मानकसंस्था) यांच्याकडून जशीच्या तशी स्वीकारलेली, आयएस/आयएसओ असा दुहेरी क्रमांक असलेली मानकं मोफत नाहीत, पण ती ब्युरोकडून रुपयांत घेतली तर जिनिव्हाहून स्विस फ्रँकमध्ये घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. मजकूर तोच असतो. खरेदी विभागाला हे सांगा. आणि फक्त व्याप्ती किंवा व्याख्या पाहायच्या असतील तर आयएसओच्या संकेतस्थळावर मानकाचा तो भाग फुकट वाचता येतो, अख्खं मानक विकत घ्यायची गरज नाही.

ब्युरोची मानकं मोफत मिळण्याआधी देशभरातल्या सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी आयएस ४५६ (काँक्रीटचं) आणि आयएस ८०० (पोलादी बांधकामाचं) ही मानकं ज्या पीडीएफमधून वाचली, तिच्या पहिल्या पानावर माहितीच्या अधिकाराचा उल्लेख आणि भर्तृहरीच्या नीतिशतकातलं वचन असायचं. ती कार्ल मॅलमुड यांच्या पब्लिक रिसोर्स या अमेरिकेतल्या संस्थेने ठेवलेली प्रत. त्यांनी सुमारे एकोणीस हजार भारतीय मानकं खुली केली, आणि २०१५ मध्ये याच मागणीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. युरोपात याच संस्थेच्या दाव्यात ५ मार्च २०२४ ला युरोपीय न्यायालयाने मुख्यतः खेळण्यांच्या सुरक्षेसंबंधीची चार मानकं लोकांना पाहायला मिळायला हवीत असा निकाल दिला, कारण जी मानकं कायद्याचा भाग होतात ती माहीत असण्यात जनतेचं हित आहे. मला हे तत्त्व मनापासून पटतं. ज्या नियमाने इमारत उभी राहते किंवा पाडली जाते तो नियम वाचायला पैसे पडू नयेत. दूरसंचारातल्या आयटीयू या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००७ मध्येच आपल्या शिफारशी मोफत केल्या आणि त्यांचं काम थांबलं नाही.

पण त्या खुल्या प्रतींबाबत एक सावधगिरी हवीच. त्या ज्या दिवशी स्कॅन झाल्या त्या दिवशी थिजल्या. अजूनही सर्च केलं की काँक्रीट मिश्रणाच्या आयएस १०२६२ ची २००९ ची प्रत पटकन हाती लागते, चालू आवृत्ती २०१९ ची आहे. भूकंपरोधक डिझाइनच्या आयएस १८९३ भाग १ ची २००२ ची प्रत लोक वापरताना दिसतात, तिच्या जागी २०१६ मध्येच नवी आली. सिमेंटचं पाहा. ५३ ग्रेडसाठी आयएस १२२६९ आणि ४३ ग्रेडसाठी आयएस ८११२ हे क्रमांक कित्येकांच्या तोंडी आहेत, पण २०१५ मध्ये ते दोन्ही आयएस २६९ मध्ये सामावले गेले. तरीही टेंडरांच्या जुन्या नमुन्यांतून ते पुढे उतरत राहतात. म्हणून बाहेरच्या मानकांसाठीही तुमच्याकडे स्थितीपान हवं. त्यावर फाइल नको, फक्त क्रमांक, चालू वर्ष, दुरुस्त्या किती, आणि तुम्ही शेवटचं कधी तपासलं ती तारीख. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकात बाहेरून आलेले दस्तऐवज ओळखून नियंत्रणात ठेवायला सांगितलंय ते याचसाठी. दर तिमाहीला एक माणूस बसवा आणि यादी ब्युरोच्या पोर्टलशी ताडून घ्या.

इथेच तुमच्या स्वतःच्या ड्रॉइंग आणि मानकांतही लक्ष घाला. एखाद्या मानकाचा उल्लेख वर्षासह आहे की वर्षाविना, यावर खूप काही ठरतं. वर्षासह लिहिलं तर तीच आवृत्ती बांधील राहते, पुढे कितीही नव्या येवोत. वर्ष न लिहिता क्रमांक दिला तर चालू आवृत्ती लागू, दुरुस्त्यांसह. करारात आणि चाचणीच्या अहवालात वर्ष लिहा. रोजच्या कामाच्या मानकांत सहसा लिहू नका, नाहीतर बाहेरचं एक मानक बदललं की तुमची वीस मानकं रिव्हाइज करावी लागतील. एकाच कंपनीच्या कागदांत दोन्ही पद्धतींची सरमिसळ असते, आणि वाद तिथूनच सुरू होतात.

आता खुद्द पीडीएफबद्दल. जुनी मानकं स्कॅन करून चढवणार असाल तर निदान त्यातला मजकूर शोधता येईल एवढं करा, आणि आकड्यांचे तक्ते मूळ कागदाशी माणसाकडून ताडून घ्या. स्कॅनमधून अक्षरओळख करताना दशांशचिन्ह हरवतं, १ चा ७ होतो, आणि हे नेमकं रासायनिक घटकांच्या तक्त्यात होतं.

मराठी वर्क इन्स्ट्रक्शनचा प्रश्न वेगळा आणि जास्त चिवट आहे. शॉप फ्लोअरसाठीच्या सूचना बहुतेक ठिकाणी जुन्या फाँटमध्ये टाइप झालेल्या असतात. त्यांची पीडीएफ डोळ्याला नीट दिसते, पण त्यातली ओळ कॉपी केली की भलतीच चिन्हं येतात, म्हणजे त्यात काही शोधता येत नाही. त्या युनिकोडमध्ये आणा, पुन्हा टाइप कराव्या लागल्या तरी. आणि युनिकोडमध्ये आणल्यावरही पीडीएफवर पूर्ण विसंबू नका. पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या साठवते, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते. त्यामुळे ‘फिलेट’ शोधायला गेलात तर कित्येकदा सापडत नाही, समोर दिसत असूनही. हीच सूचना साध्या वेबपानाच्या रूपातही ठेवलीत तर शोध बिनचूक चालतो, फोनवर वाचायलाही सोपं पडतं, आणि प्रत्येक कलमाला स्वतंत्र पत्ता देता येतो. ‘कलम ४.२ पाहा’ असं लिहिण्याऐवजी थेट त्या कलमाचा दुवा द्या. मोठ्या मानकसंस्था आता आपला मजकूर एक्सएमएलमध्ये नेत आहेत ते याच कारणांसाठी. तुम्हाला आज तेवढ्याची गरज नाही, पण मूळ वर्ड फाइल कधीही फेकू नका, पीडीएफवरून मागे जाणं फार कष्टाचं असतं.

एक गोष्ट मात्र हमखास सुटते आणि ती महागात पडते, छापील आकार. भोसरीतल्या एका व्हेंडरकडे वेल्ड तपासायचा तक्ता भिंतीवर लावला होता. त्यात स्वीकारार्ह छिद्रांचे आकार खऱ्या मापात काढले होते, मुलं मालाशेजारी तो धरून बघायची. शेजारी मी पट्टी लावली तर २५ मिलिमीटरची रेघ २४ च्या थोडीच पुढे भरत होती. पीडीएफ छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय आपोआप निवडलेला असतो, आणि तो पान तीन-चार टक्क्यांनी आक्रसवतो. कागदावर काहीही चुकीचं दिसत नाही. चांगला माल नाकारला जात होता आणि कारण कुणाला सापडत नव्हतं. त्यामुळे ज्या पानावर खऱ्या मापाची आकृती आहे, तिथे कडेला शंभर मिलिमीटरची रेघ काढा आणि तिच्याखाली लिहा, ‘ही रेघ १०० मिमी भरली तरच हे पान वापरा’. रंगांच्या नमुन्यांचं तर पीडीएफने करूच नका. पेंटचा शेड स्क्रीनवर आणि प्रिंटरवर वेगळा दिसतो, तिथे खरा नमुना पॅनेलच पाठवावा लागतो आणि मानकात पॅनेलचा क्रमांक व मुदत लिहावी लागते.

शेवटचा प्रश्न जुन्या आवृत्त्यांचा. पुसू नका. रोजच्या वापरातून काढा, प्रत्येक पानावर ‘रद्द’ आणि रद्द झाल्याची तारीख येऊ द्या, पण संग्रहात जपा. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा सुटा भाग आज लागतो तेव्हा तो त्या वेळच्या मानकानुसारच बनवावा लागतो. दुसऱ्या क्षेत्रात तर याची गरज आणखी ठळक दिसते. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचना तपासून दाखला द्यावा लागतो. १९९० ची इमारत तपासणाऱ्या अभियंत्याला आधी ती कुठल्या मानकावर उभी राहिली हे कळावं लागतं, म्हणजे १९७८ चं आयएस ४५६ आणि १९८४ चं आयएस १८९३. त्या १९८४ च्या नकाशात किल्लारी सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होतं. ३० सप्टेंबर १९९३ नंतर तो नकाशा बदलावा लागला. २००२ च्या आवृत्तीत पहिला झोनच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात आला. जुना नकाशा डिझाइनला वापरणं घातक आहे, पण तो पुसून टाकला तर त्याआधीचं घर कशाच्या भरवशावर बांधलं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही नकाशे हवेत, आणि कुठला कशासाठी हे त्यांच्यावर लिहिलेलं हवं.

सुरुवात सगळ्या दोनशे मानकांनी करू नका. गेल्या वर्षभरात ज्यांवरून माल परत गेला किंवा वाद झाला ती मानकं निवडा, सहसा ती पंधरा-वीसच निघतात. त्यांची स्थितीपानं उघडा, क्यूआर छापा, आणि तीन व्हेंडर निवडा: एक मोठा, एक मेल नियमित वाचणारा लहान, आणि एक असा की ज्याच्याकडे सगळं मालकाच्या फोनवर चालतं. तिसऱ्याकडे यंत्रणा चालली तर ती सगळीकडे चालेल. एक रिव्हिजन मुद्दाम या तिघांकडे नव्या पद्धतीने काढा, लागू तारखेच्या दिवशी त्यांच्या शॉप फ्लोअरवर जा, आणि मशीनजवळ जे पान लावलेलं असेल त्याचा क्यूआर स्वतः स्कॅन करून बघा. तिथे जुनं पान सापडलं तर व्हेंडरला पत्र लिहिण्याआधी वर्दीची मेल कुणाच्या नावाने गेली होती ते तपासा. बहुतेक वेळा ती मार्केटिंगच्या माणसाकडे गेलेली असते आणि क्वालिटीच्या माणसाचा पत्ता तुमच्या यादीतच नसतो. व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे व्हेंडरांच्या मुख्य यादीत, ‘मानकांची वर्दी कुणाला’ असा वेगळा रकाना आजच घाला, आणि त्यात एका माणसाऐवजी दोन नावं लिहा.